लॉकचा हिशोब कागदावर: कर्नल कोडमध्ये स्पार्स आणि क्लँगच्या खुणा कशा लावायच्या

मे महिन्यातली दुपार. जळगावात उन्हामुळे बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, कूलर नुसता गरम हवा फेकतोय, आणि धुळ्याहून इंजिनिअरिंगच्या एका पोराचा फोन. "भाऊ, हाई काय शे?" त्याच्या ड्रायव्हरला पहिल्यांदा आयऑक्टल (प्रोग्रामकडून ड्रायव्हरला हुकूम द्यायचा सिस्टम कॉल) मारला की सगळं नीट चालायचं. दुसऱ्यांदा मारला की मशीन गार. वर त्याचा दावा असा की स्पार्स, म्हणजे कर्नलचा कोड न चालवता नुसता वाचून चुका शोधणारं साधन, एकही वॉर्निंग देत नाही.

वॉर्निंग आली होती, त्यानेच ती घालवली होती. एका फंक्शनात स्पिनलॉक घेतला होता आणि सोडायचा राहिला होता. स्पार्सने तक्रार केली, तेव्हा पोराने कुठेतरी वाचून फंक्शनपुढे __अक्वायर्स ही खूण ठोकली. वॉर्निंग तिथून उठली आणि त्या फंक्शनाला बोलावणाऱ्या फंक्शनात जाऊन बसली. तिथेही त्याने तोच इलाज केला. असं हाकलत हाकलत ती आयऑक्टलच्या हँडलरपर्यंत पोचली, आणि हँडलरवर खूण लागताच वेशीबाहेर गेली. हँडलरला कर्नल फंक्शन पॉइंटरमधून बोलावतो आणि तिथे स्पार्सला ही खूण दिसत नाही. लॉक मात्र घेतलेलाच राहिला.

नव्याने कर्नलकडे वळणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. सी भाषा येते, एखादं कर्नल मॉड्यूल बांधून पाहिलंय, स्पिनलॉक म्हणजे काय ते माहीत आहे, एवढं गृहीत धरतो. आज्ञा आणि कोड इथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाका, अंडरस्कोर आणि कंस जिथल्या तिथे ठेवून.

खूण म्हणजे काय

आमचे मामा रेल्वेत होते. एकेरी मार्गावरच्या लहान लहान स्टेशनांवर त्यांची नोकरी गेली. तिथे टोकनच्या गोळ्याची पद्धत होती. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यासाठी यंत्रातून एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो, ड्रायव्हरच्या हातात गोळा नसेल तर गाडी पुढे जात नाही, आणि पुढच्या स्टेशनावर तो गोळा जमा करावा लागतो. स्पिनलॉक म्हणजे तोच गोळा.

आता प्रत्येक फंक्शन हे एक स्टेशन समजा. स्टेशनाच्या पाटीवर तीनपैकी एक गोष्ट लिहिता येते. रिकाम्या हाताने या, गोळा घेऊन जा: हे __अक्वायर्स. गोळा घेऊन या, इथे जमा करा: हे __रिलीजेस. गोळा घेऊन या आणि जाताना तो हातात असू द्या: हे __मस्ट_होल्ड. पाटीच नसेल तर अर्थ असा की येताना हात रिकामा, जाताना रिकामा. मध्ये काय घेतलं-सोडलं ते त्या फंक्शनाचं त्याने पाहावं.

या खुणांमुळे चालत्या कोडमध्ये काहीही बदलत नाही. स्पार्स चालतो तेव्हा __चेकर__ हा मॅक्रो डिफाइन असतो आणि तेवढ्यापुरता खुणांना अर्थ येतो. जीसीसीने नेहमीचं बिल्ड केलं की त्या रिकाम्या होतात. त्यामुळे खुणा लावल्याने कोड हळू होईल ही भीती नको.

स्पार्स हे साधन लिनस टोर्वाल्ड्सने २००३ मध्ये सुरू केलं. ते कंपायलर नाही; सी कोड वाचतं, फंक्शनातले सगळे रस्ते काढतं आणि प्रत्येक रस्त्यावर गोळ्यांची बेरीज-वजाबाकी करतं. युजरस्पेसचे पॉइंटर, एंडियनचा घोळ हेही ते पकडतं, पण आज तो विषय नाही.

बसवणं आणि चालवणं

डेबियन किंवा उबुंटूवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल स्पार्स', फेडोरावर 'सुडो डीएनएफ इन्स्टॉल स्पार्स'. डिस्ट्रोतलं पॅकेज जुनं असेल तर नव्या कर्नलच्या हेडर फायलींवरच ते अडखळतं आणि भलत्याच एरर ओकतं. तसं झालं तर स्पार्सचा सोर्स गिटने उतरवा आणि 'मेक इन्स्टॉल' करा. तो मुळात तुमच्या होम डिरेक्टरीतल्या बिनमध्ये बसतो, म्हणून तो रस्ता पाथमध्ये आहे ना ते बघा. तेवढ्यासाठी एकाने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली आहे.

मग कर्नलच्या झाडात:

    मेक डेफकॉन्फिग
    मेक सी=२ ड्रायव्हर्स/कॅर/

सी=१ आणि सी=२ मधला फरक इथेच डोक्यात पक्का करा. सी=१ दिलं की ज्या फायली आत्ता नव्याने कंपाइल होणार आहेत तेवढ्याच तपासल्या जातात. झाड आधी बिल्ड झालेलं असेल तर काहीच कंपाइल होत नाही, म्हणून काहीच तपासलं जात नाही, आणि कोरी स्क्रीन बघून आपण खूश होतो. सी=२ सगळ्या फायली तपासतो, कंपाइल होवोत न होवोत. शिकत असाल तोवर सी=२ च वापरा.

पूर्ण झाडावर सी=२ चालवायचा मोह टाळा. आठ जीबीच्या लॅपटॉपवर तो तासन्‌तास चालेल, वॉर्निंगांचा ढीग पडेल, आणि त्यातल्या बहुतेकांशी तुमचं देणंघेणं नसेल. एक डिरेक्टरी घ्या. बाहेरचं मॉड्यूल असेल तर त्याच्या फोल्डरमधून:

    मेक -सी /लिब/मॉड्यूल्स/$(यूनेम -आर)/बिल्ड एम=$पीडब्ल्यूडी सी=२ मॉड्यूल्स

एक वॉर्निंग जवळून

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. रावेर-यावल पट्ट्यातली केळी पिकवायच्या खोलीत घालतात. आत इथिलीन सोडतात, तापमान साधारण १६ ते १८ अंशांवर राखतात. त्या खोलीतला सेन्सर वाचणारा एक छोटा ड्रायव्हर आहे असं धरा:

    स्ट्रक्ट खोली {
        स्पिनलॉक_टी लॉक;
        इंट तापमान;
        बूल सेन्सर_बंद;
    };

    स्टॅटिक इंट खोली_वाच(स्ट्रक्ट खोली *ख, इंट *उत्तर)
    {
        स्पिन_लॉक(&ख->लॉक);
        इफ (ख->सेन्सर_बंद)
            रिटर्न -ईआयओ;
        *उत्तर = ख->तापमान;
        स्पिन_अनलॉक(&ख->लॉक);
        रिटर्न ०;
    }

स्पार्स म्हणतो: 'कॉन्टेक्स्ट इम्बॅलन्स इन खोली_वाच – डिफरंट लॉक कॉन्टेक्स्ट्स फॉर बेसिक ब्लॉक'. म्हणजे दोन रस्ते एका जागी येऊन मिळतात, एका रस्त्याने येणाऱ्याच्या हातात गोळा आहे आणि दुसऱ्याच्या हातात नाही. सेन्सर बंद असला की आपण लॉक न सोडताच परततो, तोच तो पहिला रस्ता.

ही चूक मला चांगली ओळखीची आहे. एका कंपनीत असताना मी अगदी अशीच केली होती. सेन्सरची वायर ढिली झाली तरच मशीन अडकायचं, म्हणजे महिन्यातून एखाददा. आमच्याकडे लोडशेडिंगची सवय असल्यामुळे मी तीन दिवस इन्व्हर्टरला शिव्या घालत बसलो. स्पार्सने ते काही सेकंदांत दाखवलं असतं, पण तेव्हा तो मी कधी चालवलाच नव्हता.

यावर इलाज खुणेचा नाही, कोडचा आहे. नेहमीचा रिवाज असा: फंक्शनाच्या शेवटी 'बाहेर:' असं लेबल, तिथे एकच स्पिन_अनलॉक, आणि चुकीच्या प्रत्येक वाटेने 'रेट = -ईआयओ; गोटू बाहेर;'. कॉलेजात गोटू वाईट म्हणून शिकवतात. कर्नलमध्ये एरर पाथसाठी तो सर्रास चालतो. कर्नल ६.५ पासून, म्हणजे २०२३ पासून, दुसरीही सोय आहे: 'गार्ड(स्पिनलॉक)(&ख->लॉक);' असं लिहिलं की स्कोप संपताच लॉक आपोआप सुटतो, रिटर्न कुठूनही होवो.

बाकी दोन वॉर्निंगा थोडक्यात. 'रॉंग काउंट ॲट एक्झिट' म्हणजे सगळे रस्ते एकसारखे आहेत, पण बाहेर पडतानाचा आकडा पाटीशी जुळत नाही. 'अनएक्स्पेक्टेड अनलॉक' म्हणजे हातात नसलेला गोळा जमा करायला निघालात.

वॉर्निंग दिसली की आधी फंक्शनातले सगळे रिटर्न बोटाने मोजा. प्रत्येकापाशी लॉक हातात आहे की नाही ते पेन्सिलीने लिहा. सगळीकडे उत्तर एकच आलं आणि ते मुद्दाम तसं केलेलं असलं, तरच खुणेचा विचार करा. उत्तरं वेगवेगळी आली तर तो बग आहे असंच धरून चाला.

खूण कुठे लावायची

खरी गरज असते ती अशी. समजा तापमान बदलण्याआधी खोली ताब्यात घ्यायचं काम चार ठिकाणी लागतं, म्हणून तुम्ही त्याचं वेगळं फंक्शन केलं:

    व्हॉइड खोली_धर(स्ट्रक्ट खोली *ख)
        __अक्वायर्स(&ख->लॉक)
    {
        स्पिन_लॉक(&ख->लॉक);
    }

    व्हॉइड खोली_सोड(स्ट्रक्ट खोली *ख)
        __रिलीजेस(&ख->लॉक)
    {
        स्पिन_अनलॉक(&ख->लॉक);
    }

इथे लॉक घेऊन बाहेर पडणं हेच फंक्शनाचं काम आहे, नावावरूनही ते कळतं. खूण योग्य.

हे फंक्शन दुसऱ्या फायलीतून बोलावलं जात असेल तर खूण हेडरमधल्या घोषणेवरही हवी. नुसती .सी फायलीत लावलीत तर ती त्या फायलीपुरतीच कळते. दुसऱ्या फायलीतून खोली_धर बोलावणाऱ्याला वाटतं की हात रिकामाच आहे, मग तो खोली_सोड बोलावतो आणि हिशोब बिघडतो. वॉर्निंग भलत्याच फायलीत येते आणि माणूस तिथेच शोधत बसतो.

तिसरी खूण, __मस्ट_होल्ड, मध्येच लॉक सोडून पुन्हा घेणाऱ्या फंक्शनांना उपयोगी. उदाहरणार्थ, लॉक हातात घेऊन आलात, पण सेन्सरला झोपून वाट बघावी लागते. स्पिनलॉक धरून झोपता येत नाही, म्हणून लॉक सोडला, वाट पाहिली, परत घेतला. खूण नसेल तर स्पार्स पहिल्याच स्पिन_अनलॉकवर 'अनएक्स्पेक्टेड अनलॉक' म्हणून ओरडतो. अशा ठिकाणी खुणेबरोबर एक ओळीची कॉमेंटही लिहा की मध्ये लॉक सुटतो, म्हणजे बोलावणाऱ्याने आधी वाचलेलं तापमान जुनं झालेलं असू शकतं. ही गोष्ट कुठलंच साधन तुमच्यासाठी पकडणार नाही.

स्पिन_ट्रायलॉकसारख्या, कधी लॉक मिळतो आणि कधी नाही अशा फंक्शनांसाठी __कॉन्ड_लॉक हा मॅक्रो आहे. तो ट्रायलॉकच्या व्याख्येतच बसवलेला असतो, त्यामुळे सुरुवातीला तुम्हाला हात लावायची गरज नाही.

आणखी एक ठिकाण जिथे नवखे अडतात. फंक्शनाला 'लॉक घ्यायचा का' असा झेंडा पाठवलेला असतो. वर 'इफ (झेंडा) स्पिन_लॉक', खाली 'इफ (झेंडा) स्पिन_अनलॉक'. तुम्हाला दिसतं की हे बरोबर आहे. स्पार्सला दिसत नाही, कारण दोन्ही इफ एकाच झेंड्यावर आहेत हे तो जोडून बघत नाही. क्लँग हा जीसीसीसारखाच दुसरा कंपायलर, त्याच्याबद्दल पुढे येईलच; त्याचंही इथे तेच होतं. उगाच खूण शोधत बसू नका. फंक्शनाचे दोन भाग करा. आतला भाग लॉक हातात आहे असं धरून चालतो, बाहेरचा लॉक घेतो, आतल्याला बोलावतो आणि लॉक सोडतो. आतल्याच्या नावाआधी दोन अंडरस्कोर लावायची पद्धत कर्नलमध्ये जागोजागी दिसेल. माझ्या मते झेंड्यावर लॉक घेणारा कोड माणसालाही तितकाच अवघड जातो, त्यामुळे इथे साधनाची तक्रार रास्तच म्हणायची.

स्पार्सला काय दिसत नाही

हा भाग नीट वाचा, नाहीतर खोट्या भरवशावर राहाल.

पहिलं: स्पार्स गोळे मोजतो, गोळ्यावर काय कोरलंय ते वाचत नाही. खऱ्या टोकनवर कुठल्या दोन स्टेशनांमधलं ते कोरलेलं असतं. मामा ते वाचल्याशिवाय गाडी सोडत नसत. स्पार्समध्ये तुम्ही __अक्वायर्स(&ख->लॉक) लिहा की __अक्वायर्स(काहीही) लिहा, हिशोबात एकच जमा होतो. 'अ' खोलीचा लॉक घेऊन 'ब' खोलीचा सोडलात, तरी एक अधिक एक वजा, शून्य, वॉर्निंग नाही.

दुसरं: __मस्ट_होल्ड लावलेलं फंक्शन कुणी रिकाम्या हाताने बोलावलं तर स्पार्स गप्प बसतो. येताना एक, जाताना एक, फरक शून्य, म्हणून बोलावणाऱ्याच्या खात्यात काहीच लिहिलं जात नाही. नावात 'मस्ट' असूनही सक्ती नाही! मला हे कळलं तेव्हा मी दोनदा तपासून पाहिलं होतं.

तिसरं: म्युटेक्स. म्युटेक्स_लॉकवर स्पार्ससाठीच्या खुणाच नव्हत्या, त्यामुळे म्युटेक्स सोडायला विसरलात तर ही मोजणी उपयोगाची नाही.

चौथं आणि सगळ्यात मोठं: कुठला लॉक कुठल्या फील्डची राखण करतो हे स्पार्सला सांगायची सोयच नाही. ख->तापमान लॉक न घेता वाचलंत तर त्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून जोडीला लॉकडेप, म्हणजे कर्नलमध्येच असलेलं लॉक तपासायचं साधन, चालवा. हे २००६ मध्ये २.६.१८ कर्नलमध्ये आलं, इंगो मोलनारचं काम. ते कोड चालत असताना बघतं. कॉन्फिगमध्ये प्रूव्ह_लॉकिंग चालू करा आणि __मस्ट_होल्ड लावलेल्या प्रत्येक फंक्शनाच्या पहिल्या ओळीत 'लॉकडेप_अ‍ॅसर्ट_हेल्ड(&ख->लॉक);' लिहा. कुणी रिकाम्या हाताने आला की कर्नलच्या लॉगमध्ये बोंब होते, आणि इथे कुठला गोळा तेही तपासलं जातं. एकाने 'अ' मग 'ब' घेतला आणि दुसऱ्याने 'ब' मग 'अ', असा उलटा क्रमही लॉकडेप पकडतं. त्याची मर्यादा एवढीच की जो रस्ता प्रत्यक्ष चालला तोच त्याला दिसतो. माझी ती ढिल्या वायरीची वाट महिन्यातून एकदा चालायची. चाचणीत ती कधीच आली नसती. त्यामुळे दोन्ही हवेत.

क्लँगची नवी पद्धत

क्लँगमध्ये थ्रेड-सेफ्टीचं विश्लेषण खूप आधीपासून आहे, मुख्यतः सी++ च्या कामासाठी. ते कर्नलच्या सी कोडला लावण्याच्या पॅचमालिका २०२५ मध्ये आल्या, आणि त्याच कामात स्पार्सची लॉकमोजणी काढून टाकायचंही ठरलं. तुमच्या हातातलं झाड जुनं की नवं ते ओळखायला सोपं आहे: डॉक्युमेंटेशन/डेव्ह-टूल्स मध्ये 'कॉन्टेक्स्ट-अ‍ॅनालिसिस.आरएसटी' ही फाइल आहे का बघा. असेल तर लॉकसाठी क्लँगची वाट धरा. नसेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू.

नव्या पद्धतीला क्लँग २२ किंवा त्यापुढचा लागतो. कॉन्फिगमध्ये वॉर्न_कॉन्टेक्स्ट_अ‍ॅनालिसिस चालू करायचं, आणि आपल्या डिरेक्टरीच्या मेकफाइलमध्ये एक ओळ टाकायची:

    कॉन्टेक्स्ट_अ‍ॅनालिसिस_खोली.ओ := वाय

म्हणजे तपासणी त्या फायलीपुरती चालू होते, बाकी झाड शांत राहतं. मग 'मेक एलएलव्हीएम=१' ने बिल्ड करा. सी=२ ची गरज नाही, वॉर्निंग थेट कंपायलरच देतो.

खुणांची नावं बहुतेक तीच, पण अर्थ कडक झाला आहे. __मस्ट_होल्ड असलेल्या फंक्शनाला रिकाम्या हाताने बोलावलं की आता खरंच वॉर्निंग येते. म्युटेक्सही मोजला जातो. गार्ड समजतो. आणि स्ट्रक्टमध्ये आता हे लिहिता येतं:

    स्ट्रक्ट खोली {
        स्पिनलॉक_टी लॉक;
        इंट तापमान __गार्डेड_बाय(&लॉक);
        बूल सेन्सर_बंद __गार्डेड_बाय(&लॉक);
    };

यानंतर कुठल्याही फंक्शनात लॉक न घेता ख->तापमानला हात लावलात की क्लँग नाव घेऊन सांगतो, अमुक व्हेरिएबलला अमुक लॉक हातात हवा. पॉइंटर ज्याच्याकडे बोट दाखवतो त्या डेटाची राखण सांगायची असेल तर __पीटी_गार्डेड_बाय. लॉकडेप_अ‍ॅसर्ट_हेल्ड लिहिलेलं असेल तर क्लँग तिथून पुढे लॉक हातात आहे असं मानतो, म्हणजे वर लिहिलेली ती ओळ दोन्हीकडे कामाला येते.

सुरुवात फील्डपासून करा, फंक्शनपासून नाही. स्ट्रक्ट उघडा आणि प्रत्येक फील्डपुढे स्वतःला विचारा, याची राखण कोण करतं? काहींचं उत्तर 'कुणी नाही, सुरुवातीला एकदाच भरतो' असं येईल. तिथे खूण नको. काहींचं उत्तर तुम्हाला माहीतच नसेल. धुळ्याच्या त्या पोराला मी फोनवर हेच करायला लावलं. सात फील्डांपैकी दोनपाशी तो थांबला, आणि त्यातल्या एकाला दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन वेगवेगळे लॉक घेऊन हात लावला जात होता. तो बग दुसऱ्या आयऑक्टलच्या बगपेक्षा मोठा निघाला.

वॉर्निंग खोटीच आहे अशी खात्री असेल तर त्या एका विधानापुरती तपासणी बंद करायला कॉन्टेक्स्ट_अनसेफ आहे, आणि अख्ख्या फंक्शनासाठी __नो_कॉन्टेक्स्ट_अ‍ॅनालिसिस. दुसरी खूण शक्यतो वापरू नका. आज बरोबर असलेल्या फंक्शनात उद्या कुणी ओळ घातली तर तीही बिनतपासणीची जाते. पहिली वापरलीत तर शेजारी कारण लिहा.

पॅच पाठवताना

दुरुस्ती आणि खुणा वेगवेगळ्या पॅचमध्ये ठेवा. विसरलेला अनलॉक हा बग आहे, तो जुन्या स्थिर कर्नलमध्येही जायला हवा. खुणा नव्या झाडापुरत्या. एकत्र पाठवलंत तर मेंटेनर परत पाठवतील, आणि ते बरोबरच. कमिटच्या मजकुरात 'स्पार्सची वॉर्निंग घालवली' एवढंच लिहू नका. कुठल्या रस्त्याने लॉक अडकत होता आणि तो रस्ता कधी चालतो ते लिहा, खाली वॉर्निंगची ओळ जशीच्या तशी चिकटवा. पॅच लावल्यावर सी=२ ने किंवा क्लँगने ती डिरेक्टरी पुन्हा तपासा, आणि वॉर्निंग गेली आहे की शेजारच्या फायलीत राहायला गेली आहे, ते पाठवण्याआधी बघा.